जुन्या यंत्रास नवे डोळे

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या मुखावर स्मित उमटलें असेल. जन्मभर ज्यानें खडू आणि फळा यांवर निर्वाह केला, ज्याच्या शिक्षणाची मजल मॅट्रिकपलीकडे गेली नाहीं, अशा एका सेवानिवृत्त मास्तरानें संगणकाच्या अंतरंगाविषयीं बोलावें, हें थोडें धार्ष्ट्याचेंच आहे. परंतु रोगाची हकीगत वैद्यापेक्षां रोग्यालाच अधिक नीट सांगतां येते. आणि या बाबतींत मी वैद्य नसून रोगी आहें. जुन्या संगणकाचा पडदा आणि त्यांतील चित्रें काढणारें ग्राफिक्स कार्ड बदलण्याच्या खटाटोपांत मीं कांहीं पैसे घालविले व कांहीं शहाणपण मिळविलें. पैसे परत येणें शक्य नाहीं. शहाणपण मात्र वांटतां येतें, आणि वांटून तें कमी होत नाहीं.

आमचें ओझर नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत, बाणगंगेच्या कांठीं, मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. गणपतीचें ओझर तें पुणें जिल्ह्यांतलें. आमचें ओझर द्राक्षांचें आणि विमानांचें. येथें माझ्या घरीं २०१२ सालीं मुलीच्या शिक्षणासाठीं घेतलेला एक संगणक आहे. मुलगी शिकून नोकरीस लागली, सासरीं गेली, आणि संगणक माझ्या वांट्यास आला. साडेअठरा इंचांचा पडदा, कळफलक, आणि मेजाखालीं एक काळें खोकें. या खोक्यास आपल्याकडे सरसकट 'सीपीयू' म्हणण्याची चाल आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या खोक्याच्या आंत बसविलेली दोन बोटें रुंदीची एक चौकोनी चकती. तिच्यावरून सबंध खोक्यास सीपीयू म्हणणें म्हणजे चुलीवरून सबंध वाड्यास चूल म्हणण्यासारखें आहे. पण असो. रूढीपुढें मास्तराचें काय चालणार?

या यंत्रावर मला जें काम करावयाचें होतें, तें आधीं सांगतों. कारण पुढील सर्व हकीगतीचें मूळ त्यांत आहे. माझे वडीलहि शिक्षक होते. १९४३ ते १९५६ या काळांतील त्यांच्या तीन वह्या माझ्यापाशीं आहेत. पावसाच्या नोंदी, विहिरींचें पाणी, लग्नमुंजी, उसनवारी, आणि पहांटे बायका जात्यावर म्हणत त्या ओव्या, असें सर्व कांहीं त्या वह्यांत एकत्र नांदतें. कागद आतां इतका जीर्ण झाला आहे कीं पान उलटतांना त्याचा कोपरा हातांत येतो. म्हणून मुलीनें सर्व पानांचीं छायाचित्रें काढून संगणकांत घालून दिलीं, आणि पडद्याच्या एका बाजूस छायाचित्र व दुसऱ्या बाजूस टंकलेखन, अशा रीतीनें त्या वह्या उतरून काढण्याचें काम मीं अंगावर घेतलें.

त्या काळच्या मराठी लेखनांत अनुस्वारांची रेलचेल असे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं त्यांतले पुष्कळसे अनुस्वार काढून टाकले. वडिलांच्या वह्यांत मात्र ते सारे जागच्या जागीं आहेत. आमच्या जुन्या पडद्यावर नेमके हे अनुस्वारच दिसेनात. 'घ' कीं 'ध', 'भ' कीं 'म', असा प्रश्न शब्दाशब्दास पडे. आणि अक्षराच्या डोक्यावर टिंब दिसलेंच, तर तो अनुस्वार आहे, कीं शाईचा शिंतोडा आहे, कीं माशीनें केलेली नोंद आहे, हें कळण्यास मार्ग नसे. तासाभरानें डोकें दुखूं लागे. वयाची साठी उलटलेली. तेव्हां मनांत आलें, आपले डोळे गेले, किंवा संगणकाचे गेले. माणसाचा स्वभाव असा कीं दोहोंपैकीं दोष पत्करावयाचा झाल्यास तो दुसऱ्याचा असावा असें त्यास वाटतें. मीं संगणकास दोषी ठरविलें आणि नाशकास गेलों.

तेथील एका दुकानांत मीं माझी तक्रार सांगितली. दुकानांतील तरुणानें मोठ्या अदबीनें ऐकून घेतली, आणि "काका, ग्राफिक्स कार्ड टाका, सगळें स्वच्छ दिसेल," असा सल्ला दिला. वापरलेलें, पण उत्तम स्थितींतील एक कार्ड साडेपांच हजारांत मिळालें. त्यास दोन पंखे होते, आणि आंत एक तांबडा दिवाहि लागत असे. वह्या उतरून काढण्याच्या कामीं तांबड्या दिव्याचा काय उपयोग, हा प्रश्न त्या वेळीं मला सुचला नाहीं. घरीं आल्यावर पुतण्यानें खोकें उघडून तें कार्ड बसविलें. त्यास जादा वीज लागते म्हणून दुकानदारानें एक जोडवायर दिली होती, तीहि लावली. यंत्र सुरू झालें. पहिलीं पांच-सात मिनिटें सर्व ठीक चाललें. अनुस्वार मात्र होते तसेच पुसट होते. मग 'फट्' असा आवाज झाला, जळक्या वायरीचा वास सुटला, आणि पडदा काळा झाला.

श्रोतेहो, त्या क्षणीं मला साडेपांच हजारांची आठवण झाली नाहीं. तीन महिने खपून उतरलेलीं एकशेंचाळीस पानें त्या खोक्यांत होतीं, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. मुलांना जन्मभर 'गृहपाठाची वही जपा' म्हणून सांगत आलेल्या माणसाची ही गत! त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याची उभी नोकरी येथील विमानांच्या कारखान्यांत विजेच्या जोडणीचें काम करण्यांत गेली आहे. त्यानें खोकें उघडलें, नाक आंत घातलें, आणि म्हणाला, "गुरुजी, एसएमपीएस गेला. बाकीचें बहुधा शाबूत असावें." त्यानें माझी डिस्क काढून आपल्या संगणकास लावली. पानें सर्व सुखरूप होतीं. प्रथम त्यानें त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या पेनड्राइव्हवर काढून माझ्या हातांत ठेवल्या, आणि मगच दुसरा शब्द बोलला. यंत्रास हात लावण्यापूर्वी आंतील ऐवजाची प्रत बाहेर काढून ठेवावी, हा माझा पहिला धडा. आज आपण माझें बाकी सर्व भाषण विसरलांत तरी चालेल. एवढें विसरूं नका.

मग त्यानें मला हिशेब मांडून दाखविला. एसएमपीएस म्हणजे भिंतींतील वीज घेऊन संगणकाच्या एकेका अवयवास त्यास मानवेल अशी करून पुरविणारी पेटी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असें छापलें होतें. "हा आंकडा वाचूं नका," तो म्हणाला, "खालचा बारीक तक्ता वाचा. कार्ड आणि प्रोसेसर यांना १२ व्होल्टची वीज लागते. त्या ओळीपुढें १४ अँपिअर लिहिलें आहे. गुणाकार करा." बारा चौदें एकशें अडुसष्ट. म्हणजे खरी ताकद १६८ वॅटची! नव्या कार्डास १२० वॅट लागत, प्रोसेसरास ५५. इतक्यानेंच १७५ झाले, आणि अद्याप डिस्क व पंखे पंगतीस बसावयाचे होते. आंथरूण पाहून पाय पसरावे, हें वाक्य मीं किमान तीस वेळां मुलांकडून फळ्यावर लिहवून घेतलें असेल. स्वतः मात्र वॅटांचा हिशेब न करतां पाय पसरून बसलों होतों.

माझ्या विद्यार्थ्यानें नंतर जें सांगितलें, तें आमच्या गांवाच्या अभिमानाचें आहे म्हणून येथें सांगतों. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा आमच्या येथील कारखाना १९६४ सालीं मिग-२१ विमानांसाठीं उभा राहिला. हीं विमानें आपल्या वायुदलांत १९६३ सालीं आलीं. पुढें तीं जुनीं झालीं, तेव्हां सर्वच मोडींत न काढतां त्यांपैकीं शंभराहून अधिक विमानांचें याच कारखान्यांत नूतनीकरण करण्यांत आलें, आणि त्यांस 'बायसन' असें नांव मिळालें. सांगाडा जुनाच, परंतु त्यास नवें रडार दिलें, वैमानिकासमोर नवा दर्शक पडदा बसविला, नवीं क्षेपणास्त्रें दिलीं. थोडक्यांत, जुन्या देहास नवे डोळे दिले. "पण गुरुजी," तो म्हणाला, "विमानांत नवें उपकरण घालावयाचें म्हणजे आधीं तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याचें वजन किती, त्याची उष्णता किती, आणि त्यास वीज किती लागते. तुम्ही तुमच्या खोक्यासाठीं यांतलें कांहींच पाहिलें नाहीं." मी निरुत्तर झालों. जन्मभर ज्याला मीं प्रश्न विचारले, त्यानें मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न, आणि त्यांत मी नापास झालों.

यानंतर त्यानें आणि मीं मिळून जें केलें, तें क्रमानें सांगतों. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. मीं मूळांत तो नेमका उलटा धरला होता.

पहिली पायरी डोळ्यांची. मी नेत्रवैद्यांकडे गेलों. मोतीबिंदूचें भय मनांत होतें, पण तो नव्हता. त्यांनीं विचारलें, "पुस्तक किती अंतरावर धरतां? आणि पडदा किती अंतरावर असतो?" पुस्तक आपण हातभराहून कमी अंतरावर, म्हणजे सुमारें चाळीस सेंटिमीटरवर धरतों. पडदा असतो साठ-सत्तर सेंटिमीटरवर. वाचनाचा चष्मा पहिल्या अंतरासाठीं केलेला. तो दुसऱ्या अंतरावर नीट चालत नाहीं. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास खालच्या भिंगांतून पाहण्यासाठीं मान वर करून बसावें लागतें, आणि संध्याकाळीं मान दुखते. संगणकाच्या अंतरासाठीं निराळा चष्मा करून घेतला, आणि माझी निम्मी डोकेदुखी थांबली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असें माझें झालें होतें.

दुसरी पायरी केबलची. माझा पडदा खोक्यास निळ्या टोंकाच्या, पंधरा पिनांच्या ज्या वायरीनें जोडला होता, तिला व्हीजीए म्हणतात. ही पद्धति १९८७ सालची. तींत चित्र आंकड्यांच्या रूपानें न जातां विजेच्या चढउताराच्या रूपानें जातें. वायर लांब, जुनी किंवा हलकी असली कीं वाटेंत चित्राच्या कडा पुसट होतात. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट यांमधून चित्राचे आंकडेच जातात, म्हणून तेथें हा दोष राहत नाहीं. आमच्या खोक्याच्या पाठीमागें एचडीएमआयचें भोंक पहिल्यापासून होतें. त्यावर प्लॅस्टिकचें एक झांकण होतें, आणि त्या झांकणावर कित्येक वर्षांची धूळ होती. कोणीं तें उघडूनच पाहिलें नव्हतें! जुन्या पडद्यास मात्र त्या जातीचें तोंड नव्हतें. म्हणून तिसऱ्या पायरीस जाणें भाग पडलें.

तिसरी पायरी पडद्याची. आणि येथें थोडें अंकगणित सांगण्याची मला परवानगी असावी. आपल्या घरांतील भगिनीवर्गास हें गणित माझ्यापेक्षां लवकर समजेल, कारण पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच होय. माझ्या जुन्या पडद्यावर एका ओळींत १,३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आंतबाहेर ठिपके होते. आतां सर्वत्र मिळणाऱ्या 'फुल एचडी' पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. 'फोर के' म्हणविणाऱ्या पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. ठिपके जितके अधिक, तितकें मराठीचें वळण अधिक स्पष्ट. रोमन अक्षराचें थोडक्या ठिपक्यांत भागतें. आपल्या 'र्त्स्न्या'सारख्या जोडाक्षरास रफार, वेलांटी, काना हें सर्व कुटुंब घेऊन राहावयाचें असतें. आणि अनुस्वार तर स्वतःच एक टिंब! ठिपके विरळ असले कीं पहिला बळी त्याचाच पडतो.

परंतु केवळ ठिपके मोजून भागत नाहीं. आंगण किती मोठें हेंहि पाहावें लागतें. तेवढ्याच ठिपक्यांची रांगोळी मोठ्या आंगणांत पसरली, तर ती मोठी होते, दाट होत नाहीं. माझ्या साडेअठरा इंची पडद्यावर एका इंचांत सुमारें ८५ ठिपके बसत. चोवीस इंची फुल एचडी पडद्यावर ते ९२ बसतात. पण तेवढेच ठिपके सत्तावीस इंचांवर पसरले तर ते ८२ वर येतात. म्हणजे अधिक पैसे देऊन मीं सत्तावीस इंची फुल एचडी घेतला असता, तर अक्षरें मोठीं दिसलीं असतीं, पण जुन्या पडद्याहूनहि भरड! सत्तावीस इंच घ्यावयाचेच असतील, तर २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांचा घ्यावा. तेथें इंचास १०९ पडतात. आणि घरांत पडलेला बत्तीस इंची जुना दूरदर्शन-संच मॉनिटर म्हणून जोडण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं १,३६६ ठिपक्यांच्या तशा संचावर इंचास ४९ च ठिपके येतात. दहा फुटांवरून नाटक पाहण्यास तो ठीक. हातभर अंतरावरून पोथी वाचण्यास नव्हे.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्या. एक, पडद्याची जात. 'टीएन' जातीच्या जुन्या पडद्याकडे थोडें खालून वा बाजूनें पाहिलें कीं रंग बदलतात. 'आयपीएस' जातीच्या पडद्यावर ते फारसे बदलत नाहींत. दोन, त्याची पायरी, म्हणजे स्टँड. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं आली पाहिजे. स्टँड वरखालीं होत नसेल, तर खालीं दोन जाड पुस्तकें ठेवलीं तरी काम भागतें. १४४ किंवा त्याहून अधिक हर्ट्झचे पडदे म्हणून जे मिरवले जातात, ते पडद्यावर वेगानें धांवणाऱ्या खेळांसाठीं. वाचन-लेखनास सेकंदाला साठ वेळां चित्र बदलणारा साधा पडदा पुरेसा आहे. मीं चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस जातीचा पडदा साडेआठ हजारांस घेतला, आणि धूळ पुसून त्या झांकणाखालच्या भोंकांत वायर लावली. अनुस्वार दिसूं लागले.

आतां आपण विचाराल, मग त्या ग्राफिक्स कार्डाचें काय? श्रोतेहो, सत्य सांगावयाचें तर मला त्याची गरजच नव्हती. फुल एचडी पडद्यावर १२ कोटी ४४ लाख ठिपके दर सेकंदास रंगवावे लागतात, हें खरें; परंतु वाचन-लेखनापुरती ही रांगोळी घालण्याची शक्ति माझ्या २०१२ सालच्या प्रोसेसरच्या अंगींच होती. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा प्रकार मीं केला होता. तें दोन पंख्यांचें कार्ड आतां पुतण्याच्या नव्या यंत्रांत आहे. त्याच्या एसएमपीएसला तें झेपतें, आणि तांबड्या दिव्याचें कौतुक करणारें माणूसहि त्या घरांत आहे.

परंतु यावरून कार्ड हें नेहमींच चैनीचें असतें, असा समज कोणीं करून घेऊं नये. एके काळीं आपल्या लिपीस पडद्यावर पाऊल ठेवण्यासाठीं कार्डाचाच आधार घ्यावा लागला होता. त्या वेळचे संगणक पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी दाखवीत, आणि प्रत्येक अक्षरास ठरीव चौकट असे. इंग्रजी अक्षर त्या चौकटींत आरामांत बसे. आपली वेलांटी वर आपटे आणि उकार खालीं लोंबे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आरंभ झालेलें आणि १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालीं वाढलेलें 'जिस्ट' नांवाचें तंत्र या अडचणीवर उपाय ठरलें. जिस्ट कार्ड संगणकांत खोंचलें, कीं मूळ इंग्रजीसाठीं केलेल्या कार्यक्रमांतहि देवनागरी व इतर भारतीय लिप्या लिहितां-वाचतां येत. तें काम आतां संगणकाची मूळ प्रणालीच करते, आणि त्या कार्डाची आठवण फारशी कोणास राहिली नाहीं. पण ज्या यंत्रानें आपणांस निरक्षर ठरविलें होतें, त्याला साक्षर करणारें तें कार्ड होतें, हें मास्तराच्या नात्यानें मला विसरतां येत नाहीं.

आजहि कार्डाची खरी गरज असणारे लोक आहेत. 'फोर के' पडदा लावावयाचा आहे, दोन-तीन पडदे एकदम चालवावयाचे आहेत, चलचित्रांचें संपादन करावयाचें आहे, किंवा बोर्डावरील पडद्याचें तोंडच बिघडलें आहे, अशांस तें घ्यावेंच लागेल. आमच्या गांवांतील एका वाचनालयाच्या जुन्या संगणकाची अशीच स्थिति होती. त्यास आम्हीं ३० वॅटचें एक लहानसें कार्ड बसविलें. ज्या लांब खांचेंत कार्ड बसतें, ती खांच स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज देऊं शकते. म्हणून अशा लहान कार्डास निराळी वायर लागत नाहीं. ज्या कार्डावर सहा पिनांची जादा जागा असते तें आणखी ७५ वॅट, आणि आठ पिनांची असते तें आणखी १५० वॅटपर्यंत वीज मागूं शकतें. पिना मोजल्या कीं कार्डाची भूक कळते. आधीं पोटोबा मग विठोबा, हा नियम यंत्रासहि लागू आहे.

कार्ड घेतांना आणखी चार प्रश्न दुकानदारास विचारावे. खोक्यांत तें लांबी-उंचीनें मावेल काय? त्यावरील स्मृति कोणत्या जातीची आहे? कारण एकाच नांवाच्या कार्डावर कधीं जलद 'जीडीडीआर ५', तर कधीं मंद 'डीडीआर ४' स्मृति असते. जीटी १०३० या कार्डाचे असे दोन प्रकार बाजारांत आले आणि त्यांच्या वेगांत पुष्कळ अंतर आहे. तिसरा प्रश्न, माझ्या जुन्या बोर्डावर तें चालू होतें काय? कांहीं जुने बोर्ड नव्या कार्डास ओळखतच नाहींत आणि पडदा काळाच राहतो. म्हणून दुकानांतच लावून दाखवा, असें निःसंकोच म्हणावें. आणि चौथा, न चालल्यास परत घ्याल काय? या चौथ्या प्रश्नाचें उत्तर पावतीवर लिहून घ्यावें. काम घरीं करावयाचें झाल्यास भिंतींतील पिन काढूनच खोकें उघडावें, आणि कार्डास हात लावण्यापूर्वी खोक्याच्या उघड्या लोखंडास स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज कार्डावर उतरत नाहीं.

शेवटचा प्रश्न असा कीं जुन्या यंत्रावर खर्च किती करावा. माझ्या विद्यार्थ्यानें दिलेला नियम मला पटला आहे : जी वस्तु उद्यां नव्या यंत्रासहि उपयोगी पडेल, तिच्यावर खर्च करावा, जी जुन्याबरोबरच जावयाची, तिच्यावर हात आंखडावा. चांगला पडदा पुढच्या संगणकास लावतां येतो. चांगला एसएमपीएसहि बहुधा चालतो. माझ्या बोर्डाची 'डीडीआर ३' स्मृति मात्र नव्या बोर्डांत बसत नाहीं. शिवाय डोळे नवे दिले म्हणून आयुष्य अमर्याद होत नाहीं. विंडोज १० चें नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ माझ्या यंत्राच्या पिढीस अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. मीं लिनक्स घालून घेतलें आहे व त्यावर मराठी उत्तम लिहितां येतें. तरी हें यंत्र आतां उतारवयांत आहे हें मी जाणतों. आमचीं बायसन विमानेंहि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें निरोप घेऊन निवृत्त झालीं. नव्या डोळ्यांनीं त्यांस कांहीं वर्षें अधिक मिळालीं, आणि तीं वर्षें कामीं आलीं. नूतनीकरणापासून एवढीच अपेक्षा ठेवावी. माझें यंत्र थकेल त्या दिवशीं तें भंगारवाल्याच्या हातगाडीवर न देतां ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे पोहोंचवीन. कारण त्यांतील धातु आपल्या मातींत व पाण्यांत जाऊं नयेत, हेंहि पाहिलें पाहिजे.

आतां एकच गोष्ट सांगून संपवितों. वडिलांच्या पहिल्या वहींत १९४३ सालची एक नोंद आहे. आमच्या मळ्यांतील विहिरीस खडक लागला होता. गांवाबाहेरच्या पालांतून एक खडक फोडणारा एकटाच आला, आणि कित्येक दिवसांच्या कष्टानंतर पाणी लागलें. पुढें वडिलांनीं लिहिलें आहे त्याची मीं जुन्या पडद्यावर पाहून अशी नक्कल केली होती, कीं त्या दिवशीं 'त्यास' पानावर बसवून जेवूं घातलें. नव्या पडद्यावर तें पान पुन्हां उघडलें, तेव्हां 'त्या'च्या डोक्यावर एक बारीक, सुबक, टांकानें मुद्दाम दिलेलें टिंब दिसलें. 'त्यास' नव्हे, 'त्यांस'. दगड फोडून पोट भरणाऱ्या त्या माणसाचा उल्लेख माझ्या वडिलांनीं आदरार्थीं बहुवचनीं केला होता, आणि मीं तीन महिन्यांपूर्वीं एका टिंबाच्या अभावीं त्याला एकवचनांत ढकलून मोकळा झालों होतों.

तेव्हांपासून तीं एकशेंचाळीस पानें मी पहिल्यापासून पुन्हां तपाशीत आहें. काम सावकाश चाललें आहे, पण डोकें दुखत नाहीं, आणि प्रत्येक संध्याकाळीं दोन पेनड्राइव्हवर प्रत काढल्यावांचून मी उठत नाहीं. आपल्या घरींहि एखादें जुनें यंत्र आणि एखादी जुनी वही असेल. यंत्रास काय हवें हें विचारण्याआधीं, आपणांस त्यावर काय पाहावयाचें आहे, हें ठरवा. मग चष्मा, मग केबल, मग पडदा, आणि सर्वांत शेवटीं कार्ड. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.